रेषेखालचे खेळाडू

गेल्या काही वर्षांत बुद्धिबळानं भारताला बातम्यांचा सुकाळ दाखवला. सप्टेंबर 2024मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक आलं. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला डी. गुकेश जगज्जेता झाला. जुलै 2025मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानं तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. त्यानंतर गल्लोगल्ली बुद्धिबळाचे वर्ग भरू लागले आणि वाढदिवसाला पट भेट द्यायची पद्धत पडली.

या शिखरावरच्या नावांखाली हजारो खेळाडू आहेत. त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत. बँकेत काम करणारे, शाळेत शिकवणारे, पोलिसात असलेले, दुकान सांभाळणारे, निवृत्त झालेले, आणि तिसरी-चौथीतली मुलं. यांतले बहुतेक जण ग्रँडमास्टर होणार नाहीत आणि ते त्यांना ठाऊक आहे. तरीही दिवाळीच्या सुटीत पाठीला सॅक आणि बगलेत घड्याळ मारून ही माणसं रेल्वेनं आणि एसटीनं पाच-पाचशे किलोमीटरचा प्रवास करतात, कारण माहितीपत्रकावर एक ओळ छापलेली असते : ‘1800 रेटिंगखालील खेळाडूंसाठी अखिल भारतीय फिडे रेटिंग स्पर्धा’.

ती ओळ म्हणजे एक रेषा आहे. तिच्यावरच्याला प्रवेश नाही. ही रेषा आखली की मधल्या फळीच्या खेळाडूला पहिल्यांदाच असं वाटतं की, ही स्पर्धा आपल्यासाठी आहे आणि ती आपण जिंकूही शकतो. पण या रेषेमुळेच काही वाईट सवयीही लागल्या आहेत. अशा स्पर्धा भरवणारे आयोजक, पंच, पालक आणि खेळाडू यांच्याशी बोलताना आणि त्यांच्या सभागृहांत वावरताना या दोन्ही बाजू सतत दिसत राहिल्या.

रेटिंग आलं कुठून?

हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी खेळाडूची ताकद आकड्यात मांडायची पद्धत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघानं ती 1960मध्ये आणि फिडे या जागतिक महासंघानं 1970मध्ये स्वीकारली. हिशेब सरळ आहे. दोघांच्या रेटिंगमधला फरक बघायचा, त्यावरून कुणाला किती गुण मिळणं अपेक्षित आहे ते ठरवायचं आणि प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा किती चांगला किंवा वाईट लागला त्यानुसार आकडा वर-खाली करायचा. फरक 200चा असेल, तर वरच्याकडून डावामागे 0.76 गुणाची अपेक्षा असते. 400चा असेल, तर 0.92ची.

सुरुवातीला फिडेच्या यादीत 2200च्या खालच्याला जागाच नव्हती. महाराष्ट्रात तेव्हाही खेळ जोरात होता. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1955मध्ये आंध्रातल्या एलुरूला झाली, तेव्हा विजेतेपद वाटून घेणाऱ्या दोघांपैकी एक रामचंद्र सप्रे होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून उन्हाळी स्पर्धांची परंपरा उभी केली. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीच्या. 1974मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पण या परंपरेतला सामान्य खेळाडू, जिल्ह्यात वर्षानुवर्षं पहिल्या पाचांत येणारा माणूस, आपण नेमके कुठे आहोत हे सांगू शकत नव्हता. त्याची ताकद गावाला ठाऊक होती, यादीला नाही.

मग ही तळाची मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली येत गेली आणि 2012मध्ये 1000 झाली. त्याच सुमारास यादी दर महिन्याला निघू लागली. आता दहा वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या आजोबांना एकाच यादीत, एकाच मापानं मोजता येऊ लागलं. रेटिंग मिळवणं हे भारतातल्या हजारो घरांचं उद्दिष्ट झालं आणि आयोजकांच्या ध्यानात आलं की, खुल्या स्पर्धेत शंभरातले नव्वद खेळाडू बक्षिसाची आशा न धरताच फी भरत असतात. ‘1600खालील’, ‘2000खालील’ अशा स्पर्धा इथून फोफावल्या. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धेत ग्रँडमास्टरांच्या मुख्य गटापेक्षा 1600खालच्या ‘क’ गटात कितीतरी जास्त गर्दी होऊ लागली. तिथले खेळाडू हजाराच्या घरात जात.

1 मार्च 2024ला फिडेनं मोठा बदल केला. तळाची मर्यादा 1000वरून 1400वर नेली आणि 2000खालच्या प्रत्येकाचं रेटिंग एकदाच वाढवलं. 2000मधून आपलं रेटिंग वजा करायचं आणि उरलेल्या फरकाचे 40 टक्के आपल्या रेटिंगमध्ये मिळवायचे. 1000चे 1400 झाले, 1500चे 1700 आणि 1600चे 1760. एका रात्रीत ‘1600खालील’ या शब्दांचा जुना अर्थ संपला. त्याच ताकदीच्या खेळाडूंना बोलवायचं तर रेषा 1700-1800कडे सरकवणं आयोजकांना भाग पडलं.

हा बदल का करावा लागला, ते समजून घेतल्याशिवाय हौशी प्रौढ खेळाडूचं दुखणं कळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं रेटिंग 2300च्या खाली असेल, तर त्याचा बदलाचा गुणांक 40 असतो. स्थिरावलेल्या प्रौढाचा 20. समजा, 1450च्या मुलानं 1600च्या काकांना हरवलं. मुलाला 28 गुण मिळतात, काकांचे 14 जातात. मुलगा रोज ऑनलाइन खेळतो, प्रशिक्षकाकडे जातो, दर महिन्याला सुधारतो. त्याची खरी ताकद यादीतल्या आकड्याच्या पुढे असते. काका मात्र महिन्यातून एखाद्या रविवारी पट मांडतात. अशा मुलांच्या लाटा येत राहिल्या आणि सगळ्यांचेच आकडे खाली ओढले गेले. 2024च्या बदलानं ती घसरण एकदा भरून काढली. मुलं मात्र यायची थांबलेली नाहीत, आणि थांबूही नयेत.

मुहूर्त आणि मंगल कार्यालय

कुठल्याही आयोजकाला विचारा, पहिला प्रश्न जागेचा असतो. तीनशे खेळाडू म्हणजे दीडशे पट, दीडशे पटांना टेबलं, आणि टेबलांच्या दोन रांगांमधून पंचाला मोकळेपणानं फिरता यायला हवं. तालुक्याच्या गावी एवढी जागा एकाच ठिकाणी मिळते, मंगल कार्यालयात. त्यामुळे बुद्धिबळ स्पर्धेची तारीख पंचांगावर ठरते. मे महिन्यात शाळांना सुटी असते, पण लग्नांचाही हंगाम असतो आणि कार्यालयं मिळत नाहीत. चातुर्मासात कार्यालयं रिकामी असतात, पण शाळा आणि चाचण्या चालू. दोन्ही गोष्टी जुळतात त्या भाऊबीज आणि तुळशीच्या लग्नाच्या मधल्या थोड्या दिवसांत. म्हणून दिवाळीच्या सुटीत राज्यात एकाच वेळी चार-चार ठिकाणी स्पर्धा लागतात आणि आयोजक एकमेकांचे खेळाडू पळवतात.

कार्यालय मिळालं म्हणजे झालं नाही. तिथला सगळा उजेड स्टेजवर, वधूवरांवर पडेल असा लावलेला असतो. खाली बसलेल्याच्या पटावर खांबाची सावली पडते. पंगतीची टेबलं अरुंद. त्यांवर पट मांडला की घड्याळ कडेला आणि डाव लिहायचा कागद मांडीवर. टेबल डुगडुगलं की राजा पडतो. जाणता आयोजक आदल्या दिवशी मंडपवाल्याला घेऊन प्रत्येक रांगेतून फिरतो. टेबलं दोन-दोन जोडून घेतो, डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा घालतो, जास्तीच्या ट्यूब लावून घेतो, जनरेटर चालू करून बघतो. स्वच्छतागृहं किती, पाणी किती वेळ येतं, हे विचारतो. एक डाव चार तास चालू शकतो. 90 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद अशी वेळ असली, तर साठ चालींच्या डावात दोघांचे मिळून चार तास होतात. दिवसाला दोन फेऱ्या असतात. म्हणजे आठ तास माणूस त्या खुर्चीत असतो. खुर्ची प्लास्टिकची आणि डगमगती असेल, तर त्यानं कितीही अभ्यास केलेला असला, तरी दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या तासाला त्याचं लक्ष पाठीकडे जातं.

कागदोपत्री कामही थोडं नसतं. स्पर्धा फिडेकडे आधी नोंदवावी लागते, तीही अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघामार्फत. राज्य आणि जिल्हा संघटनेला विश्वासात घ्यावं लागतं, ठरलेलं शुल्क भरावं लागतं, पंच परवानाधारक असावे लागतात. प्रत्येक खेळाडूची महासंघाकडची नोंदणी तपासावी लागते. यातल्या एका कागदात चूक राहिली, तर पाच दिवसांच्या मेहनतीनंतर एखाद्याचे डाव रेटिंगमध्ये धरले जात नाहीत. त्याची भरपाई नंतर कुणालाच करता येत नाही.

प्रवेशाची तारीख संपत आली की खरी धावपळ सुरू होते. महिन्याची नवी यादी एक तारखेला लागते. 1790 रेटिंगवर फी भरलेला खेळाडू एक तारखेला 1806 होतो आणि रेषेच्या वर जातो. कुठल्या तारखेची यादी धरणार, वर गेलेल्याचे पैसे परत करणार की नाही, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं नसेल, तर पहिल्या फेरीआधीच भांडण ठरलेलं. जे आयोजक हे दोन ओळींत लिहून ठेवतात, त्यांची सकाळ शांततेत जाते.

पहिली फेरी उशिरा का लागते?

या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. 1895मध्ये झ्युरिकला युलियस म्युलर यांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली. कुणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही, आणि कुणाला सलग तीनदा एकच रंग मिळू नये याची काळजी घेतली जाते. बरोबरी झालीच नाही असं धरलं, तर 9 फेऱ्यांत 512 खेळाडूंमधून एकच अपराजित उरतो. त्यामुळे तीनशे-चारशे जणांची स्पर्धा पाच दिवसांत 9 फेऱ्यांत उरकता येते.

पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग होतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. तीनशे जण असतील, तर पहिल्या क्रमांकासमोर एकशे एक्कावन्नावा. म्हणजे कोण आलं आहे आणि कोण नाही, हे आधी पक्कं कळायला हवं. नावं नोंदवून न आलेले वीस-पंचवीस असले, की त्यांच्या समोरचे खेळाडू रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. त्यांना गुण मिळतो, पण डाव रेटिंगमध्ये धरला जात नाही. ज्या मुलाला पहिलं रेटिंग मिळवायचं आहे, त्याला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. त्याच्यासाठी असा फुकटचा गुण नुकसानीचाच. म्हणून अनुभवी आयोजक आदल्या संध्याकाळपर्यंत हजेरी पक्की करून घेतात आणि जो कळवत नाही त्याला पहिल्या फेरीत धरत नाहीत.

पूर्वी जोड्यांचा कागद भिंतीवर चिकटवला की दीडशे माणसं एकदम त्यावर पडत. आता ऑस्ट्रियाच्या हाइन्त्स हेरत्सोग यांचं स्विस-मॅनेजर हे सॉफ्टवेअर जोड्या लावतं आणि खेळाडूला मोबाइलवर आपला पट क्रमांक दिसतो. गर्दी कमी झाली, पण फोन घेऊन आत येणारे वाढले. फोन दाराशी जमा करायचा, पिशवीवर पट क्रमांकाची चिठ्ठी लावायची, परत देताना तो नेमका त्याच माणसाच्या हाती जाईल हे बघायचं. या कामाला चार भरवशाची माणसं लागतात. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. 2006मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र सापडलं आणि महासंघानं त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. तेव्हापासून तंत्र कितीतरी पुढे गेलं आहे. फोन जवळ बाळगून पकडला गेलेल्याचा डाव गेलाच, मग त्याचं रेटिंग कितीही असो.

पंचांची खरी परीक्षा

ग्रँडमास्टरांच्या स्पर्धेत पंचाला क्वचितच बोलवावं लागतं. रेषेखालच्या स्पर्धेत पहिल्या अर्ध्या तासातच हात वर व्हायला लागतात.

पहिलं काम घड्याळांचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खेळाडूनं स्वतःचं घड्याळ आणायचं असतं. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, वेळ लावायची पद्धत वेगळी. डाव सुरू झाल्यावर पंच रांगेतून फिरतात ते खेळ बघायला नव्हे. चालीनंतर 30 सेकंद वाढतात की नाही, हे ते प्रत्येक पटाशी थांबून बघतात. एका ठिकाणी ती वाढ लावलीच नव्हती असं तीन तासांनी लक्षात आलं, की न्याय करणं फार अवघड होऊन बसतं.

मग नियमाविरुद्धची चाल. शह असताना दुसरंच मोहरं हलवायचं आणि घड्याळ दाबायचं, हे नवख्यांकडून सारखं होतं. पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्तीची मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. दोन हातांनी किल्लेकोट केला तरी तोच नियम. एकच स्थिती तिसऱ्यांदा येते म्हणून बरोबरी मागायची असेल, तर चाल न खेळता ती कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला बोलवायचं. बहुतेक जण आधी चाल खेळतात आणि मग हात वर करतात. तोपर्यंत हक्क गेलेला असतो. नियम ठाऊक नसल्यानं हातातला अर्धा गुण गेलेला माणूस बघवत नाही. काही आयोजक आता पहिल्या फेरीआधी दहा मिनिटं काढून हे चार-पाच नियम मराठी, हिंदी आणि इंग्रजीत समजावून सांगतात. ती दहा मिनिटं पुढचे कितीतरी तास वाचवतात.

आणि सगळ्यांत नाजूक, हात लागलेल्या मोहऱ्याचा वाद. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका स्पर्धेत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आणि निवृत्त एसटी वाहक समोरासमोर होते. मुलीनं उंट बोटानं उचलल्यासारखा केला, सोडला, आणि घोडा खेळली. आजोबांनी हात वर केला. पंच आल्या, खुर्ची ओढून मुलीच्या उंचीला बसल्या आणि हळूच विचारलं, “बाळा, उंटाला हात लागला होता का?” आसपासच्या पटांवरची माणसं वर बघायला लागली. साक्षीदार कुणी नव्हतं. ती ‘नाही’ म्हणाली असती, तर केवळ प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर पंचांना फार काही करता आलं नसतं. मुलीनं पटाकडे बघितलं. उंट जिथे जाईल तिथे मारला जाणार, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, “हो, लागला.” पंचांनी घोडा परत ठेवायला सांगितला. मुलगी उंट खेळली, तो गेला आणि तासाभरात डावही गेला. शेवटी आजोबांनी तिच्याशी हात मिळवला आणि दोघांनी मिळून उंट पहिल्यापासून कुठे ठेवायला हवा होता, ते पटावर मांडून बघितलं. त्या स्पर्धेतलं बक्षीस दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. खेळाचा सच्चेपणा मात्र तीस-चाळीस जणांनी बघितला, आणि तो दिसला याचं श्रेय खुर्ची ओढून खाली बसणाऱ्या पंचांनाही आहे.

अशा पंचांची संख्या पुरेशी असावी लागते. दृष्टिहीन खेळाडू असेल, तर त्याचा पट वेगळा असतो. घरांना भोकं असतात आणि मोहऱ्यांना खुंट्या. प्रतिस्पर्धी दुसऱ्या पटावर खेळतो आणि चाली मोठ्यानं सांगितल्या जातात. अशा जोडीला कडेची, शांत जागा द्यावी लागते. मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी उभी केलेली दृष्टिहीनांची बुद्धिबळ चळवळ आणि 2023च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा दर्पण इनानी यांच्यामुळे हे खेळाडू आता मोठ्या संख्येनं सर्वांबरोबर खेळतात. त्यांच्यासाठी जागा राखणं हा आयोजनाचा भाग आहे, उपकार नव्हे.

रेषा आणि पैसा

आता दुखऱ्या बाजूकडे येतो. रेषेखालच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मोठं ठेवायची चढाओढ लागली आहे. पोस्टरवर ठळक अक्षरांत लाखांचा आकडा छापला की प्रवेशिका वाढतात, असं गणित त्यामागे असतं. पण रेषेच्या खाली मोठा पैसा ठेवला, की रेषेच्या थोडं वर असणाऱ्याला खाली उतरायचा मोह होतो.

उतरणं किती सोपं आहे ते बघा. गुणांक 20 असलेला खेळाडू आपल्याहून 400 गुणांनी कमी असलेल्याकडून मुद्दाम हरला, तर त्याचे एका डावात 18.4 गुण जातात. एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्पर्धेत असे चार डाव घालवले, की सत्तरहून जास्त गुण कमी होतात आणि 1850चा माणूस ‘1800खालील’मध्ये येऊन बसतो. सिद्ध काहीच करता येत नाही. हरणं हा काही गुन्हा नाही आणि प्रामाणिकपणे हरणारे पुष्कळ असतात. पण तो सभागृहात आला की पहिल्या पटांवरचे खेळाडू एकमेकांकडे बघतात. वर्षभर एकेक गुण जमवत 1780वर पोचलेल्या शिक्षकाला ज्याच्याशी खेळावं लागतं, त्याची खरी ताकद दोन पायऱ्या वरची असते.

हा रोग आपल्यापुरता नाही. अमेरिकेत गटवार मोठ्या बक्षिसांची परंपरा जुनी आहे आणि तिथल्या वर्ल्ड ओपनसारख्या स्पर्धांना याच कारणानं काही खेळाडूंसाठी स्वतःचं किमान रेटिंग ठरवावं लागलं. आपल्याकडचे काही आयोजक, गेल्या वर्ष-दोन वर्षांत रेषेच्या ठरावीक वर गेलेल्याला बक्षीस मिळणार नाही, अशी अट घालतात. ही अट चांगली आहे आणि ती सर्वांनी घालायला हवी. पण मोह तसाच राहिला, तर अटीतून वाटा निघतात. मोह कमी करायचा तर पहिल्या बक्षिसाचा आकडा कमी करावा लागेल.

एक हिशेब मांडून बघू. समजा, तीनशे खेळाडू आणि फी दोन हजार. सहा लाख जमले. पहिलं बक्षीस 75 हजार ठेवण्याऐवजी 25 हजार ठेवलं, तर 50 हजार हाती उरतात. त्यांतून पन्नास खेळाडूंना हजार-हजार रुपये, म्हणजे निम्मी फी परत देता येते. किंवा तीस जणांना हजार आणि उरलेल्या वीस हजारांत जास्तीचे पंच, चांगल्या खुर्च्या, पिण्याचं पाणी, बाहेर बसलेल्या आईबापांना सावली. मोठ्या बक्षिसाची रक्कम आकाशातून पडत नाही. प्रायोजक नसेल, तर ती मागच्या पटांवर बसलेल्या अडीचशे माणसांच्या फीमधून येते. ज्यांच्यासाठी रेषा आखली, त्यांच्याच खिशातून रेषेच्या टोकावरच्या एकाला पैसे द्यायचे, हे या स्पर्धांच्या हेतूला धरून नाही.

बक्षिसांची वाटणी हीसुद्धा कला आहे. सात, नऊ, अकरा, तेरा वर्षांखालील मुलं-मुली, महिला, साठीपुढचे, रेटिंग नसलेले, जिल्ह्यातले, रेटिंगच्या पायऱ्यांनुसार उत्तम कामगिरी करणारे, असे गट पाडले की सभागृहाच्या मधल्या रांगांतही शेवटच्या फेरीपर्यंत धाकधूक राहते. समान गुण झाले की बुखहोल्झ पद्धत, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. 1932पासून वापरात असलेली ही पद्धत पालकांना कळत नाही आणि “माझ्या मुलाचेही साडेसातच गुण, मग तो नववा का?” असा प्रश्न हमखास येतो. भिंतीवर दोन उदाहरणं लिहून लावली, की हा प्रश्न उरत नाही. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ वेळेवर सुरू करणं हेही तितकंच महत्त्वाचं. पाहुण्यांची वाट बघत दोन तास गेले, की नागपूरच्या आणि चेन्नईच्या गाड्या निघून जातात आणि ज्यांची नावं पुकारली जातात ते स्टेशनवर असतात.

हे कशासाठी?

रेषेखालच्या स्पर्धेतून ग्रँडमास्टर तयार होत नाहीत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. जी मुलं खरोखर पुढे जाणार, ती वर्षभरात रेषा ओलांडतात आणि खुल्या स्पर्धांत जातात. ते योग्यच आहे. पण खेळ टिकतो तो केवळ ग्रँडमास्टरांवर नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत पट मांडले, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण सामान्य खेळाडूच होते. त्यांच्यातूनच पुढे पंच झाले, शाळेत शिकवणारे झाले, वर्गणी गोळा करणारे झाले, मुलांना स्पर्धेला घेऊन जाणारे आईबाप झाले. ही फळी मोडली, तर पुढच्या दिव्याला पहिला पट कोण मांडून देणार?

म्हणून आयोजकांना, संघटनांना आणि प्रायोजकांना कळकळीची विनंती. रेषा ठेवा, पण पहिल्या बक्षिसाचा आकडा निम्म्याहून खाली आणा आणि वाचलेला पैसा पंच, खुर्च्या, उजेड आणि मधल्या रांगांवर खर्च करा. कुठली यादी धरणार आणि कुणाला बक्षीस मिळणार नाही, हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहा. आणि खेळाडूंनो, पुढच्या स्पर्धेची फी भरण्याआधी पोस्टरवरचा मोठा आकडा बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारा : पटांमागे पंच किती आहेत, आणि बक्षिसं किती जणांना मिळणार आहेत? हे प्रश्न तीनशे जणांनी विचारले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत उत्तरं बदललेली असतील.